दाखला नेमका कशाचा?

पारलिंगी व्यक्तींच्या उपचारांचा विषय निघाला की सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत आणि डॉक्टरांच्या परिषदांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आमचा विरोध नाही हो, पण आधी मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यायला काय हरकत आहे?" वाक्य इतके सभ्य की त्यावर आक्षेप घेणाराच उतावळा ठरतो. त्यामागचा युक्तिवाद असा : हार्मोन आणि शस्त्रक्रिया यांचे परिणाम परत फिरवता येत नाहीत. तरुण माणूस भावनेच्या भरात निर्णय घेतो. खरा आजार नैराश्याचा असेल, जुन्या आघाताचा असेल किंवा समाजमाध्यमांनी डोक्यात काही भरवले असेल, तर ते ओळखणे मनाच्या डॉक्टरांचे काम आहे. उद्या पश्चात्ताप झाला तर जबाबदार कोण? म्हणून एक पत्र, शक्य तर दोन, काही महिन्यांची थांबणूक, जमल्यास आईवडिलांची सही. एवढ्याने कोणाचे काय बिघडते? ही मांडणी मी कुठेही विद्रूप केलेली नाही. तशी गरजही नाही. तिचा एकेक खांब आहे तसा ठोकून पाहिला तरी आवाज पोकळच येतो.

आधी हे पत्र काय सांगते ते पाहू. पारलिंगी माणसांत ते 'लेटर' एवढ्याच नावाने ओळखले जाते. त्यात मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतो की अमुक व्यक्तीला जेंडर डिस्फोरिया आहे, म्हणजे जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगओळख यांचा मेळ बसत नसल्यामुळे तिला सतत त्रास होतो, आणि तिच्यावर उपचार करायला हरकत नाही. या एका कागदात दोन अगदी वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले असतात. पहिला प्रश्न : या माणसाला उपचार समजला आहे का, धोके कळले आहेत का, निर्णय घेण्याची त्याची क्षमता शाबूत आहे का? दुसरा प्रश्न : हा माणूस स्वतःविषयी जे सांगतो ते खरे आहे का? पहिला प्रश्न कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेआधी कोणत्याही रुग्णाबाबत विचारला जातो, विचारला गेलाच पाहिजे. दुसरा मात्र फक्त पारलिंगी रुग्णाच्या वाट्याला येतो. 'तपासून घ्यायला काय हरकत' म्हणणारे समर्थन पहिल्या प्रश्नाचे करतात आणि त्याच्या आडून रेटतात दुसरा. हा गोंधळ अजाणता होत असेल तर तो दूर करायला हवा, आणि जाणूनबुजून होत असेल तर त्याला काळजी हे नाव देणे थांबवायला हवे.

'परत न फिरणारा निर्णय' हा पहिला खांब. टेस्टोस्टेरॉनने फुटलेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा होत नाही, काढलेले गर्भाशय परत बसवता येत नाही, हे खरे. पण परिणाम कायमचा असेल तर आधी मनाची तपासणी हवीच, हा नियम आपण आजवर कोणाला लावला? स्त्रीची नसबंदी कायमची समजूनच केली जाते. तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचे पत्र लागत नाही. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नवऱ्याच्या संमतीचीही अट नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या एका शिबिरात एकाच शल्यचिकित्सकाने काही तासांत ८३ बायकांची नसबंदी उरकली आणि त्या आठवड्यातील शिबिरांनंतर दहाहून अधिक जणी दगावल्या. परत न फिरणाऱ्या निर्णयाची धास्ती तेव्हा कुठे होती? एखाद्या पुरुषाच्या छातीची अनावश्यक वाढ झाली तर प्लास्टिक सर्जन ती काढून टाकतो. जवळपास तशीच शस्त्रक्रिया पारलिंगी पुरुषाने मागितली की तोच सर्जन 'लेटर आणा' म्हणतो. रजोनिवृत्तीनंतर बाईला इस्ट्रोजेन देताना, पुरुषाला टेस्टोस्टेरॉन कमी पडते म्हणून ते टोचताना, कोणी तिचे बाईपण किंवा त्याचे पुरुषपण प्रमाणित करून मागत नाही. औषध तेच, सुरी तीच, टेबलही तेच. बदलतो तो माणूस, आणि त्याच्याबरोबर आपला विश्वास.

आणि आपल्याच महाराष्ट्रातले बीड? २०१९ साली उघड झालेल्या सरकारी पाहणीत त्या जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड कामगार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पाळी आली, दुखणे निघाले की खाडा होतो, खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून पिशवीच काढून टाकायची. कर्जाच्या आणि उचलीच्या ओझ्याखाली दिलेली ती संमती मोकळी होती का, पर्याय सांगितले होते का, पुढच्या हाडांच्या आणि हार्मोनच्या त्रासाची कल्पना दिली होती का, हे विचारायला त्या वेळी कोणी फिरकले नाही. तेच गर्भाशय काढून घेण्यासाठी पुण्यातला एखादा पारलिंगी पुरुष सगळी माहिती वाचून, पैसे साठवून, स्वतःच्या पायांनी चालत येतो, तेव्हा मात्र यंत्रणेला एकाएकी कंठ फुटतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! यावर कोणी म्हणेल, मग पारलिंगींनाही तसेच कापून मोकळे करायचे का? मुळीच नाही. उलट या दोन्ही ठिकाणी रोग एकच आहे : रुग्णाच्या शब्दाला किंमत नाही. ऊसतोड बाईला विचारायचे नाही आणि पारलिंगी माणसाने सांगितलेले ऐकायचे नाही. दोघांनाही हवी आहे ती खरी, पूर्ण माहितीवर आधारलेली, दबावाविना दिलेली संमती. मानसोपचारतज्ज्ञाच्या पत्रामुळे ती मिळत नाही.

दुसरा खांब आजारपणाचा. 'ही मानसिक अवस्था आहे, तेव्हा मनाच्या डॉक्टरांनीच ठरवावे.' हे म्हणणाऱ्यांचे घड्याळ बंद पडले आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानसूचीतून 'लिंगओळखीची विकृती' हे निदान काढले आणि जेंडर डिस्फोरिया आणले. म्हणजे निदान ओळखीचे राहिले नाही, त्रासाचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातूनच बाहेर काढला आणि लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात नेला. तिथेही तो ठेवला तो एवढ्यासाठी की उपचारांची आणि विम्याची वाट बंद होऊ नये. आपला २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मानसिक आजार ठरवण्याच्या निकषांत आयसीडीच्या ताज्या आवृत्तीचा नाव घेऊन उल्लेख करतो. तोच कायदा पुढे म्हणतो की उपचारांबाबतचा एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अनुचित वाटला, एवढ्यावरून त्याच्याकडे निर्णयक्षमता नाही असे मानता येणार नाही. हे संरक्षण कोणासाठी आहे? ज्यांना मानसिक आजार आहे त्यांच्यासाठीसुद्धा! म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कायदा जेवढा विश्वास देतो, तेवढाही निरोगी पारलिंगी माणसाला द्यायला आपण तयार नाही. 'पण नैराश्य असेल तर?' असेल तर नैराश्यावर उपचार करा, हार्मोनच्या जोडीने. मधुमेह्याला नैराश्य आले म्हणून त्याचे इन्सुलिन कोणी रोखत नाही. तीव्र उन्मादाच्या किंवा भ्रमाच्या झटक्यात माणसाला काहीच उमगत नसेल, तर क्षमता परत येईपर्यंत थांबावे लागेल. पण हा नियम हर्नियाच्या शस्त्रक्रियेलाही लागू आहे. त्यासाठी पारलिंगींना वेगळे कुंपण घालायचे कारण काय?

तिसरा खांब सर्वांत भक्कम दिसतो आणि सर्वांत कच्चा आहे : तज्ज्ञ खरे-खोटे ओळखतात. साठ वर्षांचा इतिहास काय सांगतो? हॅरी बेंजामिन यांचे या विषयावरील मूलभूत पुस्तक १९६६ साली आले आणि अमेरिकेतील विद्यापीठांच्या दवाखान्यांनी त्यातले वर्णन निकष म्हणून वापरायला घेतले. काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आले की रुग्ण विलक्षण सारख्या कहाण्या सांगत आहेत. कारण साधे होते. रुग्णांनीही ते पुस्तक वाचले होते आणि कोणते उत्तर दिले की दार उघडते हे एकमेकांना शिकवले होते. ज्याने खरे सांगितले तो बाहेर राहिला. लू सलिव्हन या पारलिंगी पुरुषाला स्टॅनफर्डने नकार दिला, कारण त्याला पुरुषच आवडत. 'खरा' पारलिंगी पुरुष बाईवरच प्रेम करणार, असे तज्ज्ञांनी ठरवून टाकले होते. मग त्यानेच वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून, तज्ज्ञांना गाठून हा निकष मोडीत काढायला भाग पाडले. म्हणजे तज्ज्ञ तपासत होते ते काय? आपल्या डोक्यातील बाई आणि आपल्या डोक्यातील पुरुष. साडी नेसली की नाही, केस वाढवले की नाही, लहानपणी भातुकली खेळलात का, असले प्रश्न विचारून आत्म्याचे मोजमाप होत नाही. प्रश्न विचारणाऱ्याच्या कल्पनाशक्तीचे मात्र होते. आणि यात सर्वांत मोठे नुकसान मानसोपचाराचेच होते. समोरच्याच्या सहीवर आपले आयुष्य अडलेले असताना कोणता शहाणा रुग्ण आपली शंका, आपली भीती, आपले नैराश्य त्याच्यापुढे उघड करील? जिथे मन मोकळे व्हायला हवे तिथे त्याला पाठ केलेले उत्तर द्यायला लावणे, ही या व्यवस्थेची कमाई.

शिवाय हे तज्ज्ञ कोणत्या शिदोरीवर निवाडा करतात? मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात कान उपटल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला पाठ्यपुस्तकांतील या समाजाविषयीच्या अपमानास्पद आणि अशास्त्रीय मजकुराबाबत सूचना काढाव्या लागल्या, आणि लिंगओळख किंवा लैंगिक कल 'बदलून टाकण्याचे' तथाकथित उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन आहे असे २०२२ मध्ये जाहीर करावे लागले. म्हणजे कालपर्यंत ज्यांना चुकीचे शिकवले गेले, त्यांच्याच हाती आज दाराच्या किल्ल्या. अपवाद आहेत, आणि अभ्यासू, सहृदय मानसोपचारतज्ज्ञ पारलिंगींचे मोठे आधार आहेत. पण त्यांच्यापैकी कितीजणांना फाटकावर बसून पावत्या फाडायला आवडते, हे त्यांनाच विचारावे.

आता पश्चात्ताप. या शब्दाचा धाक असा घातला जातो की जणू निम्मे रुग्ण रडत परत येतात. ॲमस्टरडॅममधील दवाखान्याने १९७२ ते २०१५ या काळातील ६,७९३ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. जननग्रंथी काढून टाकलेल्यांमध्ये पश्चात्तापाचे प्रमाण पारलिंगी स्त्रियांत ०.६ टक्के आणि पारलिंगी पुरुषांत ०.३ टक्के निघाले. यावर चतुर प्रत्युत्तर तयार असते : तपासणी कडक होती म्हणूनच तर आकडा लहान! बरे, मग जिथे तपासणीचे फाटक नाही तिथले पाहू. अमेरिकेत माहितीपूर्ण संमतीवर, कोणतेही पत्र न मागता हार्मोन देणाऱ्या बारा दवाखान्यांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जवळपास दोन हजार रुग्णांमध्ये पश्चात्तापाचे प्रमाण एक टक्क्याहून कमीच नोंदले गेले. हे आकडे दवाखान्यांनी स्वतः दिलेले होते, आणि अशा सर्वच अभ्यासांत काही रुग्ण पाठपुराव्यातून सुटतात, हे मान्य. मग आकडा पाचपट करा. तरीही गुडघ्याचा सांधा बदलून घेतलेल्या दर पाचांपैकी जवळपास एकाच्या वाट्याला येणाऱ्या असमाधानाच्या तो पासंगाला पुरत नाही. असमाधान आणि पश्चात्ताप एकच नव्हेत. पण सांधेबदलाआधी 'तुमचे दुखणे खरेच आहे ना' याचा दाखला कोणी दोन मानसोपचारतज्ज्ञांकडून आणवतो का?

'थांबल्याने काय बिघडते?' या प्रश्नाचे उत्तर तर मोजून मिळाले आहे. मेलबर्नमध्ये टेस्टोस्टेरॉन हव्या असलेल्या ६४ प्रौढांची यादृच्छिक विभागणी झाली : अर्ध्यांना लगेच, अर्ध्यांना नेहमीच्या प्रतीक्षायादीप्रमाणे तीन महिन्यांनी. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आत्महत्येचे विचार आधी असलेल्यांपैकी लगेच उपचार मिळालेल्या गटात ५२ टक्के जणांचे ते विचार मावळले. थांबलेल्या गटात फक्त ५ टक्क्यांचे. नमुना लहान आहे, पण प्रश्न नेमका हाच होता आणि उत्तर स्पष्ट आहे. म्हणजे थांबवणे ही तटस्थ कृती नाही; तिचेही दुष्परिणाम असतात, फक्त ते कोणाच्या नावावर जमा होत नाहीत. आणि आपल्याकडे थांबणे तीन महिन्यांचे नसते. देशात लाख लोकांमागे मानसोपचारतज्ज्ञ पाऊणच्या आसपास, तेही शहरांत दाटीने बसलेले. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या माणसाने नागपूर-नाशिक गाठावे, रजा काढावी, दर भेटीची फी भरावी आणि शेवटी ऐकावे, "आईवडिलांना घेऊन या." मग तो काय करतो? औषधाच्या दुकानातून गर्भनिरोधक गोळ्या आणून मूठमूठ घेतो, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका पत्करून. किंवा लपूनछपून कोणाकडून तरी निर्वाण, म्हणजे लिंगच्छेद, करून घेतो. ज्याला वाचवण्यासाठी फाटक बांधले तो कुंपणाच्या काटेरी तारेत अडकून पडतो, आणि आपण फाटक शाबूत आहे म्हणून समाधान मानतो.

अलीकडे या वादात इंग्लंडचा २०२४ चा कॅस अहवाल फेकून मारण्याची पद्धत पडली आहे. तो अहवाल मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या सेवांबद्दल आहे. तिथे वयाचे, वाढीचे आणि पालकांच्या भूमिकेचे प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची चर्चा वेगळी व्हावी. तिशीतल्या कमावत्या माणसाला दारातून परत पाठवण्यासाठी चौदा वर्षांच्या मुलाचा अहवाल पुढे करणे, ही सावधगिरी नसून हातचलाखी आहे. तसेच 'आंतरराष्ट्रीय संकेतच पत्र मागतात' हा दाखला. आपल्या २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने शस्त्रक्रियेविषयीची आरोग्यपुस्तिका डब्ल्यूपाथ या पारलिंगी आरोग्याच्या ज्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काढायला सांगितले, तिने २०२२ च्या आठव्या आवृत्तीत जननेंद्रियांच्या शस्त्रक्रियेसाठी असलेली दोन पत्रांची अपेक्षा सोडून दिली. पत्र लागलेच तर एक पुरे, आणि ते देणारा मानसोपचारतज्ज्ञच असला पाहिजे असेही नाही. तरी आपल्याकडे अनेक ठिकाणी दोन पत्रांचा हट्ट सुरूच आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

राहिला डॉक्टरांच्या कायदेशीर सुरक्षेचा मुद्दा. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३२० मध्ये पौरुष नष्ट करणे ही गंभीर दुखापत होती, म्हणून शल्यचिकित्सक घाबरत, हे समजण्यासारखे. पण त्याच संहितेच्या कलम ८८ ने रुग्णाच्या हितासाठी, सद्हेतूने आणि त्याच्या संमतीने केलेल्या कृत्याला संरक्षण दिले होते. कायद्याची मागणी संमतीची होती, तिसऱ्याच्या शिफारशीची नव्हे. आणि आईवडिलांच्या सहीने डॉक्टर सुरक्षित होतो हा तर निव्वळ भ्रम. समीरा कोहली खटल्यात बेशुद्ध असलेल्या प्रौढ स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईच्या संमतीवर काढले गेले होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निक्षून सांगितले की ही संमती चालणार नाही, रुग्णाचीच हवी. प्रौढ मुलीच्या शरीरावर आईची सही चालत नाही, तर प्रौढ पारलिंगी मुलाच्या शरीरावर ती कशी चालेल? याच न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याच्या एप्रिल २०२० मधील मसुदा नियमांत ओळखपत्रासाठी मानसशास्त्रज्ञाचा अहवाल घुसवला होता. विरोध झाला आणि सप्टेंबरच्या अंतिम नियमांनी प्रतिज्ञापत्र पुरेसे मानले. ओळखपत्र देणाऱ्या जिल्हाधिकाऱ्याला जे पुरले ते शल्यचिकित्सकाला पुरत नाही. ओळखपत्र आणि सुरी यांत फरक आहे, असे कोणी म्हणेल. आहेच. सुरीसाठी रक्तदाब, हिमोग्लोबिन, यकृताची चाचणी, भूल देणाऱ्याची तपासणी आणि स्पष्ट संमती लागते. ओळखीचा पुरावा सुरीलाही लागत नाही.

शंभर वर्षांपूर्वी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा बायका स्वतःच्या शरीराविषयी स्वतः ठरवू लागल्या तर समाज रसातळाला जाईल, अशी हाकाटी झाली होती. ती करणारेही स्वतःला सभ्य, जबाबदार आणि काळजीवाहूच समजत. आजची हाकाटी त्याच घराण्यातली आहे, फक्त तिने पांढरा कोट चढवला आहे. म्हणून मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे. उपचार देणाऱ्या डॉक्टरने प्रौढ रुग्णाला परिणाम, धोके, प्रजननक्षमतेवर होणारा परिणाम आणि पर्याय त्याच्या भाषेत समजावून सांगावेत. ते समजले का हे तपासावे. संमती घ्यावी आणि उपचार सुरू करावेत. समुपदेशक हवा त्याला सरकारी रुग्णालयात फुकट मिळावा, शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही, पण मदत म्हणून. अट म्हणून नव्हे. खरी कडक तपासणी करायचीच असेल तर ती शल्यचिकित्सकाच्या प्रशिक्षणाची, रुग्णालयाच्या दर्जाची आणि नंतरच्या पाठपुराव्याची करा, कारण रुग्णाचा जीव तिथे टांगणीला लागतो. पारलिंगी माणूस आपण कोण आहोत हे विचारायला दवाखान्यात येत नाही. ते त्याला ठाऊक असते. तो उपचार मागायला येतो. संमती तपासणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, ओळख तपासण्याचा अधिकार त्याला कोणीही दिलेला नाही, आणि जो अधिकार मुळात नाही तो काळजीच्या नावाखाली गाजवणाऱ्यांना यापुढे सभ्य म्हणण्याचेही कारण नाही.